मिरा आंद्रीव्हा, तिच्या हारलेल्या मॅचेस आणि तुमची १२ वर्षांची लेक

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता की लेक १२ वर्षांची आहे, पुण्यात खेळते, रशियन टेनिसपटू मिरा आंद्रीव्हाची जबरदस्त फॅन आहे, आणि मिरा १५व्या वर्षी माद्रिदला मोठ्या पोरींना हरवत होती, १७व्या वर्षी दुबई आणि इंडियन वेल्स लागोपाठ जिंकली, तर रशियात असं नक्की काय करतात, आपणही शाळा बाजूला ठेवून फुल टाइम टेनिस करायचं का, आणि एवढं सगळं असताना २०२५ च्या शेवटी ती एवढी का गडगडली. एका दमात तीन प्रश्न विचारलेत त्यामुळे उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. २२ वर्षं कोचिंग करतोय, बहुतेक क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवर, त्याआधी नॅशनल्सपर्यंत खेळलो आणि तिथंच थांबलो. ग्रँड स्लॅमचा (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, यूएस या चार मोठ्या स्पर्धांचा) प्लेअर मी घडवलेला नाही हे आधीच सांगून टाकतो. पण १० ते १६ वयाच्या मुली आणि त्यांचे आईबाप हे मात्र मी शेकड्याने बघितलेत, आणि मिराच्या मॅचेस २०२३ पासून जवळपास सगळ्या बघतोय, काही दोनदा.

सगळ्यात पहिला गैरसमज म्हणजे "रशियाची सिस्टीम". जुन्या काळी ती होती हे खरं. मॉस्कोचा स्पार्ताक क्लब, तिथल्या लारिसा प्रिओब्राझेन्स्काया बाई, लहान मुलांकडून बॉल न देता तासन् तास नुसता स्ट्रोकचा आकार घोटून घेणं, हे सगळं झालेलं आहे. राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन स्वतः टेनिसवेडे, त्यामुळे नव्वदीत या खेळाला एकदम भाव आला, मग काफेल्निकोव्हने १९९६ ला फ्रेंच ओपन मारलं, कुर्निकोव्हा १९९७ ला विम्बल्डनच्या सेमीला गेली आणि २००४ ला तर एकाच वर्षात मिस्किना फ्रेंच, शारापोव्हा विम्बल्डन, कुझनेत्सोव्हा यूएस ओपन. तीन पोरी, तीन स्लॅम. पण नीट बघितलंत तर मोठी झालेली बरीच मुलं लहानपणीच देश सोडून गेलेली आहेत. शारापोव्हा ७व्या वर्षी वडिलांबरोबर फ्लोरिडाला, साफिन १४व्या वर्षी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला, मेदवेदेव जरा मोठेपणी, पण तोही फ्रान्समध्ये कानला. मिराही त्याच वाटेने गेली.

तिची गोष्ट सुरू होते सायबेरियात, क्रास्नोयार्स्कला. २९ एप्रिल २००७ चा जन्म. आता क्रास्नोयार्स्क म्हणजे हिवाळ्यात उणे वीसच्या खाली जाणारं गाव, तिथे बाहेर टेनिस खेळायचं म्हणजे वर्षातले काही महिनेच, बाकी सगळं छपराखाली. घरात टेनिस आलं ते आईमुळे, आणि आईला ते लागलं टीव्हीवरून. २००५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये साफिनने सेमीत फेडररला हरवलं आणि मग टायटल घेतलं, ते बघून या बाईने ठरवलं की आपली मुलं टेनिस खेळणार. तेव्हा मोठी एरिका होती जेमतेम सहासात महिन्यांची, आणि मिरा तर जन्मलेलीच नव्हती. म्हणजे बघा, आपल्याकडे सचिनला बघून पोराला शिवाजी पार्कला नेऊन सोडायचे तसंच हे, त्यात सिस्टीम कुठे आली. मग एरिका खेळायला लागली, तिच्या मागे मिरा कोर्टवर जायला लागली, मग घर सोचीला हललं, मग मॉस्कोला, आणि शेवटी दोघी बहिणी कानला गेल्या, जिथे मेदवेदेव तयार झाला त्याच अकॅडमीत. तिथे जाँ-ख्रिस्तोफ फोरेल हे तिचे कोच होते.

बहिणीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि लोक तो दोन ओळीत उडवतात. एरिका तीन वर्षांनी मोठी. ८ वर्षांच्या पोरीला रोज ११ वर्षांच्या पोरीचे बॉल परत करायचेत, ताकदीने ती जिंकूच शकत नाही, मग ती काय करेल? बॉल लवकर घेईल, समोरचीचा खांदा बघून दिशा ओळखेल, ड्रॉप टाकेल, उंच टाकेल, रिदम तोडेल. मिराचा आजचा गेम बघा, अगदी हाच आहे. लोक म्हणतात हिला कोर्ट सेन्स जन्मजात आहे, असेलही, पण माझ्याकडच्या ज्या ज्या मुलींना मोठं भावंड खेळणारं होतं त्या सगळ्यांना बॉल वाचायची ही सवय होती, हा काही अभ्यास वगैरे नाही, माझं निरीक्षण. आणि गंमत म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये वुहानला पहिल्याच राउंडला दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मिरा वरच्या रँकिंगची, नुकतं फ्रेंचची सेमी खेळलेली, ऑलिम्पिक मेडलवाली, आणि एरिकाने तिला ६-३, ६-१ अशी धुतली. ताईला सगळं माहिती असतं हो.

आता २०२३ कडे येतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनियर फायनल, रॉड लेव्हर अरेना, दोघीही रशियन, दोघीही १५ वर्षांच्या, मिरा आणि अलिना कोर्नेयेव्हा. तीन तासांच्या वर चालली मॅच, पहिला सेट टायब्रेकमध्ये मिराने घेतला, दुसरा कोर्नेयेव्हाने, तिसराही ७-५ कोर्नेयेव्हाने, आणि दोघीही रडल्या. त्याच वर्षी कोर्नेयेव्हाने फ्रेंचचं ज्युनियर टायटल पण जिंकलं. त्या वेळी कोणी विचारलं असतं या दोघीत पुढे कोण जाणार तर मी तरी कोर्नेयेव्हाचं नाव घेतलं असतं, आणि सपशेल चुकलो असतो. कोर्नेयेव्हाला नंतर दुखापतीने बरेच महिने बाहेर बसवलं आणि मिरा कुठे गेली ते आपण बघतोच आहोत. म्हणून अंडर-१४ ची फायनल हरली म्हणून कारमध्ये घरापर्यंत लेकीशी न बोलणारे बाबा जेव्हा मला भेटतात (भेटतात, दर सीझनला एकदोन) तेव्हा मी त्यांना ही फायनल सांगतो.

एप्रिलमध्ये तिने स्वित्झर्लंडमध्ये कियासो आणि बेलिन्झोना अशा आयटीएफच्या (म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पायरीच्या) दोन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे थेट माद्रिदवर उडी मारतात. पण माद्रिदला ती वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर) पोचली, रँकिंग १९४, तेव्हा तिच्या अंगात त्या दोन आठवड्यांच्या जिंकलेल्या मॅचेस होत्या, क्लेवर पाय बसलेले होते. तिथे लेला फर्नांडेझ, मग हद्दाद माइया, मग मागदा लिनेट अशा तिघी गेल्या, मध्येच १६वा वाढदिवस झाला, आणि प्री-क्वार्टरला सबालेंकाने ६-३, ६-१ ने संपवलं. (या सबालेंकाला आपल्या मुंबईकरांनी २०१७ ला सीसीआयवर मुंबई ओपन जिंकताना बघितलंय, तेव्हा ती १९ ची होती आणि फोरहँड मारला की बॉल कुठे जाईल ते तिलाही माहिती नसायचं.)

त्यानंतर फ्रेंचला क्वालिफाय होऊन (आधीच्या पात्रता फेऱ्या जिंकून) तिसरा राउंड, विम्बल्डनला क्वालिफाय होऊन चौथा राउंड. ऐकायला परीकथा वाटते. पण या दोन्ही स्पर्धांत ती बाहेर कशी पडली ते बघा. पॅरिसला गॉफविरुद्ध पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये रागाने बॉल प्रेक्षकांत मारला, वॉर्निंग मिळाली, बॉल कोणाला जोरात लागला असता तर मॅचमधूनच बाहेर गेली असती. सेट जिंकली आणि मग १-६, १-६. विम्बल्डनला मॅडिसन कीजविरुद्ध ६-३, ४-१ पुढे होती, तिथून सेट गेला, तिसऱ्यात रॅकेटवरून दुसऱ्यांदा कोड व्हायोलेशन (वागणुकीच्या नियमाचा भंग), पॉइंट कापला गेला आणि त्या कापलेल्या पॉइंटने कीजला मॅच पॉइंट मिळाला. मिराचं म्हणणं मी घसरले, रॅकेट फेकली नाही. अंपायरशी हात न मिळवता गेली. टीव्हीवर सगळे म्हणत होते पोरगी गुणी आहे पण डोकं थंड नाही.

मी पण तेच म्हणत होतो, खोटं कशाला बोलू.

मग जानेवारी २०२४, परत मेलबर्न. दुसऱ्या राउंडला ओन्स जाबर, जिची ही स्वतः फॅन, आणि तिला ६-०, ६-२. तासाभराच्या आत मॅच संपली. पण माझ्या मते खरी मॅच पुढची, डियान पॅरीविरुद्ध. पहिला सेट १-६, दुसरा ६-१, तिसऱ्यात १-५ मागे, मॅच पॉइंट वाचवला आणि सुपर टायब्रेकमध्ये (१० पॉइंटच्या) १०-५ ने जिंकली. मॅच चालू असताना कोणीतरी लिहिलं की हिने मनावर काम करायला पाहिजे, हारत असताना ही स्वतःवर फार चिडते. त्यावर अँडी मरेने उत्तर दिलं, की कदाचित ती स्वतःवर कडक आहे, हारताना स्वतःकडून जास्त मागते, म्हणूनच मॅच फिरली असेल. मिराला मरे फार आवडतो, तिने सांगितलं मी हे प्रिंट करून फ्रेम करणार.

इथे मी थांबून एक गोष्ट सांगतो. मी स्वतः कितीतरी वर्षं चिडणाऱ्या मुलींना "शांत हो, शांत हो" म्हणत आलो. एक होती, १३ ची, प्रत्येक चुकीला स्वतःच्या मांडीवर रॅकेट आपटायची, मी तिला इतकं गप्प केलं की सहा महिन्यात तिचं आपटणं थांबलं आणि ब्रेक पॉइंटला बॉलवर जाणंही थांबलं. मिराचं बघून उशिरा डोक्यात उजेड पडला की राग काढून टाकायचा नसतो, त्याला वेळ ठरवून द्यायची असते. पॉइंट संपला की टॉवेलपर्यंत जाईस्तोवर चिड, काय चिडायचं ते चिड, टॉवेल खाली ठेवला की संपलं. लेक चिडत असेल तर हे करून बघा, आणि रॅकेट आपटली तर नवीन लगेच आणू नका एवढंच.

२०२४ च्या एप्रिलमध्ये कोंचिता मार्टिनेझ कोच म्हणून आली, आणि इथून करिअरचा दुसरा भाग चालू होतो. कोंचिता म्हणजे १९९४ ची विम्बल्डन चॅम्पियन, फायनलला नवरातिलोव्हाला हरवलेली, स्लाइस, टॉपस्पिन, उंच बॉल असं सगळं मिसळणारी. मुगुरुझा २०१७ ला विम्बल्डन जिंकली तेव्हा कोचच्या बॉक्समध्ये तीच होती. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. कारण हातोडा मारणारी पोरगी असती तर तिला हातोड्याचाच कोच लागला असता, पण मिराचा जीव आहे व्हरायटीत, तिला अशी बाई पाहिजे होती जिला व्हरायटीची लाज वाटत नाही. आपल्याकडे उलटं होतं, मुलगी ड्रॉप शॉट खेळली की बाकावरून बाबा ओरडतात "मार ना!"

दोन महिन्यांत फ्रेंचची सेमी. क्वार्टरला सबालेंका, ६-७, ६-४, ६-४. सबालेंका त्या दिवशी पोटाने आजारी होती हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण आजारी नंबर दोनलाही हरवावं लागतं, ती आपोआप हरत नाही. मॅचनंतर मिरा म्हणाली की कोचबरोबर प्लॅन केला होता पण मला काहीच आठवलं नाही, जसं दिसलं तसं खेळले. हे ऐकून आमच्या ग्रुपमधले कोच हसत होते, पण १७ वर्षांच्या पोरीने "दिसलं तसं खेळले" म्हणणं याचा अर्थ तिला कोर्टवर दिसतंय. बऱ्याच जणींना प्लॅन पाठ असतो आणि समोरची कुठे उभी आहे ते दिसत नाही. सेमीत पाओलिनीने ६-३, ६-१ ने घरी पाठवलं, पण १९९७ च्या यूएस ओपनच्या हिंगिसनंतर स्लॅमच्या सेमीत एवढी लहान कोणी आलेली नव्हती.

जुलैमध्ये रुमानियात याशीला पहिलं टूर टायटल, मग पॅरिस ऑलिम्पिकला डायना श्नायडरबरोबर डबल्सचं सिल्व्हर, फायनलला एरानी आणि पाओलिनीकडून सुपर टायब्रेकमध्ये हार. आणि हे मेडल रशियाच्या नावावर नाही. युक्रेन युद्धामुळे २०२२ च्या मार्चपासून टूरवर रशियन खेळाडूंच्या नावापुढे झेंडा नाही, त्या वर्षी विम्बल्डनने तर त्यांना खेळूच दिलं नाही, बिली जीन किंग कप (महिलांची देशादेशांतली टीम स्पर्धा) जो रशियाने २०२१ ला जिंकला होता त्यातूनही टीम बाहेर. म्हणजे मिराचं जवळपास पूर्ण सीनियर करिअर झेंड्याशिवाय आहे, ऑलिम्पिकलाही ती न्यूट्रल म्हणून खेळली. युद्धावर मी इथे बोलत नाही, तो विषय माझ्या लायकीपेक्षा मोठा आहे. पण खेळाडूच्या करिअरच्या दृष्टीने याचे परिणाम आहेत, कासात्किना २०२५ ला ऑस्ट्रेलियाकडून खेळायला लागली, अवानेस्यान आर्मेनियाकडे गेली. "रशियात काय करतात" असं विचारताना हे पण डोक्यात असू द्या, की यातल्या बऱ्याच मुली रशियात कमी आणि विमानात जास्त असतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निंगबोची फायनल, समोर कासात्किना, पहिला सेट ०-६, दुसरा घेतला, तिसऱ्यात खेळता खेळताच रडायला लागली आणि ४-६ ने हरली. नंतर कासात्किना स्वतः तिची समजूत घालत होती. चार महिन्यांनी हीच पोरगी दुबईला व्हाँड्रूसोव्हा, श्विऑन्टेक, रिबाकिना अशा स्लॅम जिंकलेल्या तिघींना काढून फायनलला टाउसनला हरवते, १७व्या वर्षी, डब्ल्यूटीए १००० (महिलांच्या टूरवरची स्लॅमखालोखालची स्पर्धा) जिंकणारी सगळ्यात लहान, टॉप टेनमध्ये. आणि दोन आठवडे जात नाहीत तोवर इंडियन वेल्स, सेमीत श्विऑन्टेक, फायनलला सबालेंका २-६, ६-४, ६-३. एकाच स्पर्धेत नंबर दोन आणि नंबर एक. भाषणात सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर तिने स्वतःचेही आभार मानले, की मी स्वतःवर विश्वास ठेवला, सोडून दिलं नाही. काही लोकांना आगाऊ वाटलं, मला वाटलं निंगबोला रडलेल्या मुलीचा तो हक्क आहे.

टेक्निकली या सहा महिन्यांत काय बदललं? बॅकहँड तर आधीपासूनच सोन्यासारखा, दोन हातांचा, आणि डाउन द लाइन मारताना शरीर शेवटपर्यंत सांगत नाही कुठे मारणार. बदलली ती सर्व्हिस. पहिली सर्व्हिस जोरात आणि जास्त टप्प्यात पडायला लागली, आणि फोरहँडला ती मागे सरकत होती ते कमी झालं. २०२३ ला कीजसारख्या मारणाऱ्या मुलींसमोर ती बेसलाइनच्या दोनतीन फूट मागे ढकलली जायची, इंडियन वेल्सच्या तिसऱ्या सेटमध्ये सबालेंकासमोर ती रेषेवर उभी होती. यात जिमचं काम आहे, पायांचं. हे १४व्या वर्षी करता येत नाही, हाडं तयार नसतात.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, शाळा सोडायची का. ताई, डब्ल्यूटीएचा एक वयाचा नियम आहे. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये १४ पूर्ण व्हायच्या आत प्रो झाली, १४व्या वर्षी फ्रेंचची सेमी, १६व्या वर्षी ऑलिम्पिक गोल्ड, आणि मग खेळ सोडून गेली, भलत्या भानगडीत सापडली, परत येऊन २००१ ला ऑस्ट्रेलियन जिंकली पण मधली वर्षं गेलीच. त्यानंतर नव्वदीच्या मध्यात नियम आला की १८ च्या आतल्या मुलींनी वर्षात ठराविकच प्रो स्पर्धा खेळायच्या, म्हणजे मिरा १६ ची असताना साधारण डझनभर, चांगल्या कामगिरीवर थोड्या जास्त. तिने २०२३ ला याबद्दल कुरकूर केली होती, साहजिक आहे, पण मला वाटतं या नियमाने तिचं भलंच केलं. कमी स्पर्धा म्हणजे प्रत्येक स्पर्धेआधी ट्रेनिंगचे आठवडे, आणि शाळा ती तेव्हाही ऑनलाइन करत होती, टूरवर असतानाही अभ्यास चालू होता.

आता आपल्याकडचं गणित बघा. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज अशा ज्युनियर स्पर्धांच्या पायऱ्या, रँकिंगचे पॉइंट पाहिजेत म्हणून १२-१३ वर्षांची मुलगी दर आठवड्याला नव्या गावाला, रात्रीची ट्रेन, सोमवारी पहिला राउंड, बुधवारी हार, परत ट्रेन. वरून एकाच आठवड्यात अंडर-१४ आणि अंडर-१६ दोन्ही, आणि डबल्स. माझ्याकडची एक मुलगी अशी वर्षाला २७-२८ स्पर्धा खेळायची, मी नाही म्हणत होतो पण जेवढा ठामपणे म्हणायला पाहिजे होतं तेवढा नाही म्हणालो, तिच्या घरच्यांना रँकिंग दिसत होतं आणि मलाही माझ्या अकॅडमीचं नाव दिसत होतं. १५व्या वर्षी कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर. ती आता आर्किटेक्चर करतेय, छान चाललंय तिचं, पण खेळ गेला. ही चूक माझ्या खात्यावर आहे. म्हणून विचारलंत तर माझा सल्ला १२व्या वर्षी वर्षाला १२ ते १४ स्पर्धा, त्यातल्या निम्म्या घरापासून रात्री परत येता येईल इतक्या जवळच्या, आणि शाळा चालू. नेहमीची शाळा जमत नसेल तर ओपन स्कूलचा विचार नववीला करा, आत्ता सहावी-सातवीत नको.

आणि मिरा हा एकच रस्ता नाही. तिची डबल्सची जोडीदार डायना श्नायडर बघा, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, समारा भागातल्या छोट्या गावातली, डावखुरी, डोक्याला रुमाल बांधून खेळते ती. ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेटला कॉलेजकडून खेळत होती, त्या काळात २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला दुसऱ्या राउंडला सक्कारीला तिसऱ्या सेटपर्यंत नेलं, पण कॉलेजच्या नियमांमुळे बक्षिसाचे सगळे पैसेही घेता येईनात. मग कॉलेज सोडून प्रो झाली आणि २०२४ ला एका वर्षात चार टायटल, हार्ड, ग्रास, क्ले तिन्हीवर. आपल्या मुलींसाठी तर मला हा रस्ता जास्त जवळचा वाटतो, अमेरिकन कॉलेजची स्कॉलरशिप हे खरंखुरं गाठता येणारं टार्गेट आहे आणि तिथून पुढे टूरचं दार बंद होत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, गडगडली का. आधी एक दुरुस्ती, ती म्हणावी तेवढी गडगडलेली नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ती विम्बल्डनच्या क्वार्टरला खेळून नंबर पाचवर गेली. त्या विम्बल्डनला नवारोविरुद्ध मॅच जिंकली तरी तिला कळलंच नाही, स्कोअर विसरून पुढच्या पॉइंटला उभी राहायला निघाली, रॉयल बॉक्समध्ये फेडरर बसलेला. स्वतःला सांगत होती की आपण मागे आहोत, इतकी त्यात बुडालेली. क्वार्टरला बेन्चिचकडून दोन टायब्रेकमध्ये हरली.

पण तडा त्याआधीच गेलेला होता, फ्रेंचच्या क्वार्टरला. समोर लोइस बोइसाँ, वाइल्ड कार्ड, रँकिंग ३६१, आणि पूर्ण स्टेडियम फ्रेंच. मिरा पहिल्या सेटला पुढे होती, सेट पॉइंट हातात होता, तिथून गेला, दुसऱ्यात ३-० पुढे होती तिथूनही गेला, बॉल स्टँडमध्ये मारला, स्वतःच्या बॉक्सवर ओरडली. २०२३ ची सगळी भुतं एका दुपारी परत आली. फरक एवढाच की तेव्हा ती १६ ची कोणीतरी होती आणि हरली तरी लोक टाळ्या वाजवायचे, आता ती हरवायची वस्तू झाली होती. प्रत्येक जण तिच्यासमोर मोकळ्या हाताने खेळतो आणि तिच्या बॅकहँडचा व्हिडिओ प्रत्येक कोचकडे आहे. मग यूएस ओपनला टाउनसेंडकडून तिसऱ्या राउंडला, चीनमध्ये वुहानला जीगमुंडकडून, निंगबोला झू लिनकडून लवकर बाहेर, आणि रियाधच्या डब्ल्यूटीए फायनल्सची सिंगल्सची शेवटची जागा रिबाकिना घेऊन गेली, मिरा नववी. डबल्सला मात्र गेली, श्नायडरबरोबर.

यात एक साधं कारण पण आहे ज्याकडे लोक बघत नाहीत. २०२५ च्या एप्रिलअखेर ती १८ ची झाली, वयाचा नियम संपला, आणि पूर्ण कॅलेंडर, सिंगल्स अधिक डबल्स, असं पहिल्यांदाच अंगावर आलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिचे पाय बघा, वाइड फोरहँडला अर्धं पाऊल उशीर. मी तिचा फिजिओ नाही, टीव्हीवरून बोलतोय, पण २२ वर्षं दमलेल्या पोरींचे पाय बघितलेत. तरी वर्ष टॉप टेनमध्येच संपलं. १८व्या वर्षी. याला घसरण म्हणायचं तर म्हणा.

लेकीला बघायला सांगायचं असेल तर इंडियन वेल्सची फायनल नको, ती तिने पाठ केली असेल. पॅरीविरुद्धचा तिसरा सेट १-५ पासून दाखवा, आणि मग दुसऱ्या दिवशी बोइसाँची मॅच, पूर्ण, हायलाइट्स नाही. बघताना तुम्ही काही बोलू नका, फक्त तिला एका वहीत प्रत्येक गेमनंतर मिरा टॉवेलकडे कशी जातेय ते लिहायला सांगा, खांदे वर की खाली, कोणाकडे बघतेय, किती वेळ घेतेय. वही घेऊन शनिवारी सकाळी साडेसहाला तिला तिच्या कोचकडे पाठवा, माझ्याकडे नाही, जिथे आहे तिथेच राहू द्या, १२व्या वर्षी कोच बदलायची काही घाई नाही. आणि तो दुसरा रॅकेट घ्यायचं विचारलं होतंत ते राहिलंच, घ्या, पण तोच मॉडेल, तेवढंच वजन, आणि स्ट्रिंग टेन्शन (तारांचा ताण) सध्याच्यापेक्षा दोन पाउंड कमी ठेवा, या वयात मनगट वाचतं.